साडेसहाचा नंबर

सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, अक्षता सोहळ्याला आम्ही दरवर्षी जातो. गेल्या वर्षी निघायला उशीर झाला, संमती कट्ट्यापासून बरीच लांब जागा मिळाली, आणि अक्षता टाकायला हात उचललेल्या एका गृहस्थांचं कोपर माझ्या चष्म्याला लागलं. चष्मा उडाला. कुठे उडाला ते मला सांगता येणार नाही, कारण त्यानंतर स्वतःचे पायसुद्धा मला अंदाजानेच दिसत होते. बाराबंदी घातलेली हजारो माणसं एकमेकांत विरघळून एक मोठा पांढरा ढग झाला होता आणि त्यात नंदीध्वजांच्या काठ्या तेवढ्या उभ्या रेघांसारख्या हलत होत्या. बायकोने वाकून, लोकांच्या पायांतून चष्मा शोधून काढला. एक काच होती. दुसरी नव्हती, आणि डावी दांडीही नव्हती.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने हात धरून मला गाडीपर्यंत आणलं. "पप्पा, पायरी. पप्पा, इथं वायर आहे. पप्पा, गाय." तिला मजा येत होती. मला नाही. स्कूटर बायकोने चालवली आणि मी मागे बसून डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवण्यापेक्षा ते बरं वाटत होतं.

माझ्या नंबराची काच दुकानात तयार नसते, मागवावी लागते. नवा चष्मा येईपर्यंत चार दिवस एका जुन्या, पावणेपाचच्या चष्म्यावर काढले. त्या चार दिवसांत ठरवून टाकलं की पुरे झालं. लेझर करायचं.

मला चौथीत चष्मा लागला. आता वय एक्केचाळीस. उजव्या डोळ्याला मायनस साडेसहा आणि वर एक नंबराचा सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान वळणाचा वेगळा नंबर; डाव्याला सहा. नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, डिझाईन विभागात. म्हणजे संगणकावर जकार्डची, विणीतच उतरणारी नक्षी काढायची आणि मग ती मागावर कशी उतरते ते शेडमध्ये उभं राहून बघायचं. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा घामाने चष्मा नाकावरून घसरतो आणि हवेत उडणारा कापूस ओल्या काचेवर जाऊन बसतो. दिवसातून पंचवीस वेळा मी शर्टाच्या टोकाने काच पुसतो. करोनाच्या काळात तोंडावर मास्क, त्यावर वाफ, आणि वाफेवर कापूस, असं चालायचं. त्यामुळे हा निर्णय काही एका कोपराने झाला नव्हता, हे मला नमूद करायचं आहे.

योगायोगाने ताईचा बार्शीहून फोन आला. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, लेझर करायचं होतं. वय चोवीस, दोन्ही डोळ्यांना सव्वातीन. स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि एका स्थळाने चष्म्याचा विषय काढला होता. भाची त्यावर भडकली होती. "मामा, मी त्यांच्यासाठी करत नाहीये. मला पोहायला शिकायचंय," असं तिने मला दोनदा सांगितलं. पुढे तिने खरंच पोहायचा क्लास लावला, म्हणून हे वाक्य इथे लिहितोय. ताई म्हणाली, "तू घेऊन जा तिला, आणि तुझंही बघून घे." मग आम्ही दोघं मामा-भाची एकाच दिवशी तपासायला गेलो.

तपासणीच्या आधी दोन आठवडे भाचीला कॉन्टॅक्ट लेन्स बंद करायला सांगितलं होतं. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, आकार थोडा बदललेला असतो, तो मूळ जागी यायला वेळ लागतो. नाहीतर बदललेल्या आकारावरच मापं घेतली जातात. माझा प्रश्न नव्हता, मी लेन्स कधी लावलीच नव्हती. त्या उडत्या कापसात कोण लावणार?

तपासणीला तीन तास गेले. नंबर काढण्यात नवीन काही नव्हतं. पण नंतर एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून निळ्या प्रकाशाकडे बघायला लावलं आणि पडद्यावर माझ्या कॉर्नियाचा नकाशा आला, डोंगरदऱ्यांच्या नकाशासारखा, हिरव्या-पिवळ्या रंगांचा. कुठे किती जाड, कुठे किती उंचवटा, सगळं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. मग खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. अश्रूने ती किती मिलिमीटर भिजते ते बघतात. दहाच्या वर भिजली तर बरं. भाचीची सतरा, माझी आठ. तंत्रज्ञ मुलाने विचारलं, "सर, डोळे चोळता का?" मी म्हटलं, कापसात काम आहे बाबा, चोळणारच. त्याने ते लिहून घेतलं. ज्यांचा कॉर्निया मुळात नाजूक असतो त्यांनी सतत डोळे चोळले तर तो पुढे शंकूसारखा वाढू शकतो, आणि अशा डोळ्यावर लेझर केलं तर भलतंच होऊन बसतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, उगाच चौकशी चाललीय.

शेवटी बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि बाकावर बसवलं. इथे एक छोटी गोष्ट घडली. तेव्हा मी तिच्याकडे फार लक्ष दिलं नाही. थेंबांनंतर जवळचं दिसत नाही. रांगेतले सगळे जण मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून हैराण झाले होते. मीही झालो. मग सवयीने चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाईल नाकाशी आणला. लख्ख दिसलं. शेजारी कुर्डुवाडीचा एक मुलगा होता, रेल्वेच्या भरतीची तयारी करणारा. तो म्हणाला, "काका, तुमच्या थेंबात पाणी मिसळलं वाटतं."

त्या मुलाला त्या दिवशी कोणीतरी शहाणपणाचं सांगितलं, म्हणून त्याचंही लिहितो. सोलापूर हे रेल्वेच्या विभागाचं ठिकाण, त्यामुळे आमच्याकडे निम्म्या घरांत एक तरी मुलगा असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरत असतो. हा मुलगा चष्मा जाईल म्हणून लेझर करायला आला होता. तंत्रज्ञाने त्याला विचारलं, कसली भरती? ऐकल्यावर म्हणाला, मग करू नकोस, लेझर केलेला डोळा त्या पदाच्या मेडिकलमध्ये चालत नाही, भरतीची जाहिरात नीट वाच. मुलगा थेंब न घालताच उठून गेला.

आमचा निकाल लागला. भाचीच्या कॉर्नियाची जाडी ५४८ मायक्रॉन. साधारण माणसाची ५४० च्या आसपास असते. तिचं काम सरळ होतं. माझी ४८९.

डॉक्टर तीन मिनिटं भेटले असतील. नकाशा बघितला, "होऊन जाईल" म्हणाले आणि समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंनी छापील तक्ता काढला. त्यात साधं, मधलं आणि भारी अशी तीन पॅकेजं, टॉवेलच्या जीएसएमसारखी, म्हणजे दर चौरस मीटरच्या वजनासारखी. मधलं पॅकेज दोन्ही डोळ्यांचं पंच्याऐंशी हजार, आणि आजच्या आज नोंदणी केली तर पंधरा हजार कमी. मी विचारलं, माझा कॉर्निया पातळ आहे ना? त्या म्हणाल्या, "सर, झाल्यावर २७४ उरतोय. २५० लागतो. बसतंय की!"

मी पाच हजार भरले. पुढे परत मागितले तेव्हा ते 'अॅडजस्ट' होतील असं उत्तर मिळालं. कशात अॅडजस्ट होणार ते अजून कळलेलं नाही.

घरी येऊन त्या २७४ चा हिशोब करत बसलो, कारण आकडे बघितले की मला राहवत नाही. हिशोब अवघड नाही. मायनस नंबर घालवायचा म्हणजे कॉर्नियाचा मधला भाग थोडा सपाट करायचा. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात एक नंबर उतरवायला साधारण १४ मायक्रॉन खरवडावे लागतात. माझा सिलिंडर धरून साडेसात नंबर, म्हणजे १०५. त्याआधी वरचा जो पातळ पापुद्रा कापून दारासारखा उघडतात, तो ११० चा. दोन्ही मिळून २१५. चारशे एकोणनव्वदातून दोनशे पंधरा गेले. उरले २७४. पापुद्रा परत बसवतात, पण कापलेल्या पापुद्र्याचा कॉर्नियाला आधार उरत नाही, म्हणून तो हिशोबात धरत नाहीत.

आता, टॉवेलचं सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, नक्षी खोल पाहिजे, कोरल्यासारखी. मग नक्षीच्या जागी लूप कापायचे, वजन कमी करायचं. करता येतं. पण एका मर्यादेनंतर कापड धुलाईत त्याच जागी झोळ खातं. पहिल्या धुलाईत नाही, दहाव्या-बाराव्या. काठावरच्या मापात माल काढू नये, हे मी नव्या मुलांना शिकवतो. आणि स्वतःच्या डोळ्याचा माल मी "बसतंय की" वर काढायला निघालो होतो.

हे मी जेवताना बोलत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेंगाचटणी भाकरीवर पसरत ऐकत होते. अण्णा सत्तरीचे आहेत. तेही चादरीच्या डिझाईनमध्येच होते, पण त्यांच्या वेळी ग्राफचे चौकोन पेन्सिलीने भरायचे आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. त्यांचाही नंबर सातच्या घरात. लहानपणी मी त्यांना कधी चष्मा लावून ग्राफ भरताना बघितलं नाही. चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं. साठीतही ते सुईत दोरा एका झटक्यात ओवायचे, गल्लीतल्या बायका सुया घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या.

चार वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आत जी लेन्स बसवतात ती लांबची बसवायची की जवळची, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, लांबची! आयुष्यभर जाड भिंगं लावलीत, आता सुटू दे की माणसाला. पट्टी निघाली तेव्हा अण्णा दवाखान्याच्या दारातून समोरच्या दुकानाची पाटी वाचून रडले होते. मला तेवढंच आठवत होतं.

अण्णा म्हणाले, "लांबचं आलं रे. पण जवळचं गेलं माझं."

मी म्हटलं, वाचायचा चष्मा आहे की तुम्हाला.

"आहे. पण तो लावून पेपर वाचता येतो. धागा नाही दिसत पूर्वीसारखा. पहिले सहा महिने रोज सकाळी पेपर नाकाशी न्यायचो आणि आठवायचं." एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. चार वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

मग मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. भाचीलाही नेलं. या मॅडमनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या, आकडे दोन-तीन मायक्रॉनच्या फरकाने तेच आले. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "काम काय करता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "धागे कसे बघता, दाखवा."

खिशात टॉवेलचा नमुना होताच, आमच्या धंद्यात असतोच. मी चष्मा वर सरकवला आणि नमुना डोळ्यांसमोर धरला. मॅडमनी टेबलावरची पट्टी उचलून माझ्या डोळ्यापासून कापडापर्यंतचं अंतर मोजलं. पंधरा सेंटीमीटर.

"शंभर भागिले साडेसहा," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोळ्याचा नैसर्गिक फोकस इथे आहे. इथलं बघायला तुमच्या डोळ्याला काहीही कष्ट नाहीत. ज्याला नंबर नाही अशा चाळिशीच्या माणसाला इतक्या जवळचं दिसतच नाही. त्याला वीस-पंचवीस सेंटीमीटर लांब धरावं लागतं. तुम्ही तोच धागा त्याच्यापेक्षा दीडपट मोठा बघता. हे भिंग तुम्हाला देवाने फुकट दिलंय आणि तुम्ही ते काढायला पैसे भरताय."

थेंबांनंतर बाकावर मोबाईल नाकाशी धरल्यावर जे झालं होतं ते मला तेव्हा कळलं. थेंबांनी जवळ फोकस करणारा स्नायू ढिला पडतो. मला त्या स्नायूची गरजच नव्हती.

पुढची गोष्ट मला माहीतच नव्हती. चष्मा डोळ्यापासून थोडा लांब, सव्वा सेंटीमीटरभर पुढे बसतो. त्यामुळे मायनस नंबरवाल्याला चष्म्यातून जवळचं बघताना डोळ्यावर ताण थोडा कमी पडतो. लेझरनंतर ही सवलत जाते. म्हणून मोठा मायनस नंबर असलेल्या माणसाने चाळिशीत लेझर केलं तर वाचायचा चष्मा, म्हणजे खरीखुरी 'चाळिशी', लागलीच पाठीवर येते. चष्मा काढायचा आणि वर्षभरात दुसरा लावायचा. पहिल्या ठिकाणी माझं वय फॉर्मवर लिहून घेतलं होतं, पण त्याचा अर्थ काय हे कोणी सांगितलं नव्हतं.

२७४ बद्दल मॅडम म्हणाल्या, "२५० ही कडेलोटाची रेघ आहे. मी ३०० च्या खाली सहसा जात नाही." पापुद्रा न कापता, वरची पातळ कातडी तेवढी खरवडून करायची जुनी पद्धत माझ्यात बसली असती. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर स्थिर व्हायला आठवडे जातात, मोठ्या नंबरात धूसरपणा राहू शकतो. किंवा कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, एक कायमची लेन्स बसवायची. ती महाग. "अशक्य नाही तुमचं. पण घाईने ठरवू नका. आधी आठ दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून कामावर जा. लेझरनंतर जवळचं जसं दिसेल, साधारण तसंच दिसेल. मग बोलू."

हा सल्ला पंच्याऐंशी हजारांच्या तक्त्यात कुठेच नव्हता.

मधल्या काळात भाचीचं झालं. एप्रिल होता. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर आतलं दिसत होतं आणि ताईने पदर तोंडाला लावून पाठ फिरवली, म्हणून बघायचं काम माझ्याकडे आलं. डोळा सुन्न करायचे थेंब, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा चिमटा, मग डोळ्यावर एक कडं दाबून बसवतात. त्या दाबाने काही सेकंद समोर अंधार होतो, आणि नेमकं तेच भाचीला सगळ्यात भयंकर वाटलं. पहिल्या लेझरने पापुद्रा कापला. मॅडमनी तो वहीचं पान उलटावं तसा उलटला. मग दुसरं यंत्र टकटक टकटक करत वीसेक सेकंद चाललं, आणि पान परत जागेवर. टाका नाही. दोन डोळ्यांना मिळून वीस मिनिटंही लागली नाहीत. केस जळल्यासारखा वास येतो, असं ती म्हणाली.

त्या वासाची एक कथा आहे. हे दुसरं लेझर, एक्सायमर नावाचं, प्रत्यक्षात जाळत नाही. १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश रेणूंचे बंध तोडतो आणि तो थर उडून जातो, बाजूच्या भागाला धग लागत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं १९८१ साली, अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, आणि तिथल्या मंडळींत आघाडीवर होते मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन. सणाच्या जेवणातून उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर लेझर मारून बघितलं. खाच पडली, कडा करपल्या नाहीत. पुढे २०१३ साली ओबामांच्या हस्ते त्यांना तिथला तंत्रज्ञानाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, उरलेल्या मटणाचं आत्ता नको."

पहिले पाच तास तिचे डोळे कांदा चिरल्यासारखे वाहिले. झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमच्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या तिथ्या पलंगावरून वाचल्या. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मग आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोळे अजिबात चोळायचे नाहीत, रात्री डोळ्यांवर प्लॅस्टिकची झाकणं चिकटवून झोपायचं. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्या आठवड्यात पाण्याच्या दोन पाळ्या आल्या आणि बायकोने भाचीला मोरीकडे फिरकू दिलं नाही. महिनाभर तिला रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसायची. कोरडेपणाचे थेंब तर सहा महिने चालले, कारण पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या बारीक नसाही कापल्या जातात आणि त्या वाढून येईपर्यंत डोळ्याला अश्रूंची आठवण राहत नाही. तिचं सगळं नीट झालं. चोवीसाव्या वर्षी, सव्वातीन नंबर, जाड कॉर्निया, संगणकावरची नोकरी. तिच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं.

माझे कॉन्टॅक्ट लेन्सचे आठ दिवस. पहिल्या दिवशी लेन्स डोळ्यात घालायला पाऊण तास लागला. पण मग मी आयुष्यात पहिल्यांदा नवी पेठेतून साधा, बिननंबराचा गॉगल घेतला, दोनशे रुपयांचा, आणि तो लावून भर उन्हात सात रस्त्यावरून स्कूटर नेली. कडेकडेनेही दिसत होतं. चष्म्यात कड असते, तिच्या बाहेरचं जग नसतंच. मला वाटलं, चुलीत गेला तो टॉवेल, करून टाकू लेझर.

शेडमध्ये पोचलो. दहा वाजेपर्यंत डोळे चुरचुरायला लागले, कापसाने. ते अपेक्षितच होतं. पण अकराच्या सुमारास एका निर्यातीच्या टॉवेलमध्ये बारीक आडवी रेघ दिसतेय म्हणून मागवाल्याने बोलावलं. मी कापड हातात घेतलं, सवयीने बोट नाकाच्या दांडीकडे गेलं, तिथे चष्मा नव्हता. कापड डोळ्यांसमोर आणलं. धुकं. लांब नेलं, थोडं दिसलं, पण धागे वेगळे होईनात. मागवाला बघत होता. "काय ओ सर, काय बघलालाव? दिसंना का?" मी म्हटलं, दिसतंय, थांब. नाही दिसलं. शेवटी धागे मोजायचं भिंग मागवून घेतलं आणि त्यातून बघितलं. एकच बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटला होता, मिसपिक. एरवी मला ते कळायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि भिंगातून बघायला कापड सपाट टेबलावर पसरावं लागतं. चालत्या मागावर ते कुठे जमणार?

आठ दिवसांत असं रोज झालं. मध्ये दोन दिवस मॅडमनी दुसरा प्रकार करून बघितला. एका डोळ्यात लांबचा पूर्ण नंबर आणि दुसऱ्यात मुद्दाम दीड नंबर कमी, म्हणजे एक डोळा लांबचं बघणार, दुसरा जवळचं. लेझरही तसं करता येतं आणि बऱ्याच जणांना ते मानवतं. मला रहदारीत रिक्षा नक्की किती लांब आहे याचा भरवसा वाटेना. शिवाय दीड नंबराने फोकस येतो तो सहासष्ट सेंटीमीटरवर. त्याने मोबाईल, संगणक निभतो. धागा पंधरावर असतो.

आठव्या दिवशी मॅडमकडे जाऊन मी स्वतःच सांगितलं, नाही करत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पण एक लेझर तुम्हाला करावंच लागणार आहे."

पहिल्या ठिकाणी बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे रेटिना, बघितला होता, पण त्याबद्दल मला कोणी काही बोललं नव्हतं. मॅडमना उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, अगदी कडेला, एक पातळ झालेला पट्टा आणि त्यात एक बारीक भोक दिसलं होतं. मायनस नंबर मोठा म्हणजे डोळा लांबट. साधारण डोळा २४ मिलिमीटरच्या आसपास असतो, माझा साडेसव्वीस आहे. फुगा ताणावा तसा आतला पडदा ताणलेला असतो आणि कडेला विरतो. कॉर्निया घासून चष्मा घालवला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते. "चष्मा गेला की लोक डोळ्याच्या डॉक्टरकडे यायचे बंद होतात," त्या म्हणाल्या, "आणि पडदा सुटला की थेट येतात."

भोकाभोवती लेझरचे डाग देऊन कुंपण घालतात, म्हणजे तिथून पाणी शिरून पडदा सुटत नाही. बसल्या बसल्या झालं, दहा मिनिटांत. हिरवे लखलखाट, एक-दोनदा सुई टोचल्यासारखं. त्याच रात्री जेवलो आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. मला बजावलं आहे की डोळ्यासमोर अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, वीज चमकल्यासारखं झालं किंवा कोपऱ्यातून पडदा उतरल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं. आणि वर्षातून एकदा तपासणी, चष्मा असो नसो.

कारखान्यात अजून विचारतात, "घाबरलास का बे?" घाबरलो असं सांगणं सोपं जातं, पंधरा सेंटीमीटरचं समजावण्यापेक्षा. मुलीला यंदा पाऊण नंबर निघाला. तिला मी रोज संध्याकाळी तासभर मैदानावर पाठवतो, कारण उघड्यावर खेळणाऱ्या मुलांचा नंबर कमी वाढतो असं मॅडम म्हणाल्या. ती मोठी झाल्यावर तिच्या डोळ्यांचं काय करायचं ते तिचं ती बघेल.

यंदाच्या गड्ड्याला मी चष्म्याला मागून इलॅस्टिकची पट्टी लावली, खेळाच्या सामानाच्या दुकानातली, साठ रुपयांची. मुलगी म्हणाली, तुम्ही क्रिकेटच्या अंपायरसारखे दिसताय. भाचीही आली होती. आम्ही लवकर गेलो, कट्ट्याजवळ चांगली जागा मिळाली. संमतीचं वाचन झालं आणि चहूबाजूंनी अक्षता उडाल्या, तशी भाचीने दोन्ही डोळे गच्च मिटून तळव्यांनी झाकले. डोळ्यात काही जाऊ देऊ नका असं तिला सांगितलं होतं, त्याला आता नऊ महिने झाले होते. मी वर बघत उभा होतो. एक तांदूळ माझ्या काचेवर टक्कन आपटला.